पावाच्या भट्टीपुढचं वळण

जैबुन्निसाला मोटारींचा राग नव्हता. पहिली सर्व्हिस मोटार खारबंदरात आली तेव्हा तीही पिठाचे हात पदराला पुसत बाहेर आली होती आणि धूर खाली बसेपर्यंत बघत उभी राहिली होती. तिचा राग होता तो मुन्शिपालटीवर, आणि तो तिनं जन्मभर पुरवून वापरला.

खारबंदर रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. गाव म्हणावं तर मुन्शिपालटी होती आणि शहर म्हणावं तर रस्ता एकच. तो धक्क्यावरून निघायचा, कोळीवाड्याला वळसा घालून बाजारात चढायचा आणि बरोबर जैबुन्निसाच्या पावाच्या भट्टीपाशी काटकोनात मोडायचा. एका अंगाला भट्टीची पडवी, समोर रावजीशेठच्या कापडदुकानाचा ओटा. मधून बैलगाडी निघाली की चालत्या माणसानं भिंतीला पाठ लावून पोट आत ओढायचं. पण बैलाला घाई नसते आणि गाडीवानाला ओळख असते, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाचं काही बिघडलं नाही.

भट्टी जैबुन्निसाच्या सासऱ्यानं घातलेली. तो जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, होता, तिथेच पाव भाजायला शिकला आणि म्हातारपणी जमिनीवर उतरला तो पडवीसकट ही भट्टी बांधूनच. त्याचा मुलगा वली आत पीठ मळायचा, पाव भाजायचा आणि शक्यतो बोलायचा नाही. बाहेर गल्ल्यावर जैबुन्निसा. डोक्यावरून घट्ट पदर, आवाज खणखणीत. पडवीत एक लांब बाक होतं, त्यावर सकाळी खलाशी आणि मास्तर लोक पाव चहात बुडवून खायचे. आणि पडवीच्या कडेला, छपराच्या सावलीत, येसूबाई कोळीण मासळीची पाटी घेऊन बसायची. घरोघर फिरून उरलेली मासळी ती तिथे संपवायची. भाड्याचा प्रश्नच नव्हता. अधूनमधून मूठभर मांदेली आत यायची, एखादा पाव बाहेर जायचा.

मोटारी वाढल्या तशी या वळणाची दशा झाली. दोन मालकांच्या मोटारी धरमतरच्या बोटीचे उतारू पळवण्यासाठी एकमेकींच्या पुढे धावायच्या. चौदा माणसांच्या मोटारीत पंचवीस कोंबलेली, टपावर नारळांची पोती, पायरीवर लोंबकळणारे वेगळेच. वळणापलीकडचं कुणालाच दिसत नसे. ड्रायव्हर रबराचा भोंगा दाबायचा आणि आपलं कर्तव्य संपलं असं समजून तसाच आत घुसायचा.

एकोणतीस सालच्या थंडीत येसूबाई धक्क्यावरून बोंबलांची पाटी घेऊन वर येत होती. भोंगा तिनं ऐकला, पण बाजूला व्हायला जागाच नव्हती. मोटारीच्या मडगार्डानं तिला उचलून गटारात फेकलं. जैबुन्निसा गल्ल्यावरून उडी मारून धावली. येसूबाईचा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता आणि ती स्वतःच्या पायाकडे न बघता रस्त्यावर पसरलेल्या बोंबलांकडे बघत होती. ड्रायव्हर खाली उतरला. आपण भोंगा वाजवला होता असं त्यानं जमलेल्या प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं आणि उतारूंना बोट चुकेल म्हणून निघून गेला.

हाडवैद्यानं पाय बसवला, पण तो आखूडच राहिला. येसूबाईचं घरोघर फिरणं संपलं. आता दिवसभर ती पडवीच्या कडेलाच बसू लागली.

जैबुन्निसा मुन्शिपालटीत गेली ती तेव्हा पहिल्यांदा. प्रेसिडेंट वकीलसाहेब भला माणूस होता. त्यांनी तिला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, झाल्या प्रकाराबद्दल खेद दाखवला आणि लवकरच उपाय होईल म्हणाले. उपाय झालाही. महिन्याभरानं शिपाई एक रंगवलेली पाटी घेऊन आला, ‘मोटारी सावकाश हाका’, आणि ती त्यानं नेमकी वळणावरच्या खांबाला ठोकली. पाटी एवढी ऐसपैस होती की पूर्वी खांबाच्या बाजूनं समोरून येणाऱ्याचं डोकं तरी दिसायचं, तेही दिसेनासं झालं. ड्रायव्हर लोकांपैकी वाचता येणारा एकच होता, आणि तो पाटी वाचायला मान वळवायचा म्हणून त्याचीच सगळ्यांना जास्त भीती वाटायची.

जैबुन्निसा पुन्हा गेली. या वेळी मुन्शिपालटीनं वळणावर लाल निशाण देऊन एक माणूस उभा केला. हा म्हातारा कान्या वाजवीपेक्षा प्रामाणिक होता. मोटार आली की निशाण दाखवायचं एवढं त्याला सांगितलं होतं. एकाच वेळी दोन्हीकडून आली तर काय, हे कुणी सांगितलं नव्हतं. मग तो निशाण पोटाशी धरून पडवीत पळायचा. पावसाळा लागला आणि त्याचं काम कुणी न सांगता बंद झालं.

“यांना वळण दिसतंय, पण चालणारा माणूस दिसत नाही,” जैबुन्निसा वलीला म्हणाली. वलीनं पीठ उलटं केलं आणि मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे तिला पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं.

अखेर चित्रे नावाचा ओव्हरसियर फीत आणि खुंट्या घेऊन आला. तरुण, नीटनेटका माणूस. त्यानं सगळं मोजलं आणि सरळ सांगितलं की पाट्या-निशाणांनी काही होणार नाही. वळणाचे दोन्ही कोपरे छाटायला हवेत. अर्धी पडवी भट्टीची, अर्धा ओटा शेठचा. मग मोटारीला लांबून दिसेल आणि कडेनं चालणाऱ्यांसाठी फुटपाथ काढता येईल. फुटपाथ म्हणजे काय ते जैबुन्निसानं विचारून घेतलं. मोटार वर चढणार नाही अशी पायवाट, तो म्हणाला. इतक्या दिवसांत कुणी शहाण्यासारखं बोललं म्हणून तिनं त्याला गरम नानकटाया बांधून दिल्या.

पण रावजीशेठ मुन्शिपालटीचा मेंबर होता. ओट्याला हात लावला तर दुकानाची भिंत बसेल असं त्याचं म्हणणं पडलं. मग भिंत बसेल की नाही यावर मीटिंगा झाल्या. एका मीटिंगला कोरम नव्हता, एका मीटिंगला शेठ नव्हता, आणि एका मीटिंगला दोन्ही असून वेळ पाण्याच्या टाकीवर गेला. तेवढ्यात एक मास्तर सायकलसकट मोटारीखाली जाता जाता वाचला. जैबुन्निसा दर मीटिंगच्या दिवशी दाराशी जाऊन उभी राहायची आणि दर वेळी जास्त तापून परत यायची. गिऱ्हाइकांना पाव फेकल्यासारखे देऊ लागली. एक दिवस तिनं चित्र्यांना हटकलं.

“शेठचा ओटा सोडा. माझी पडवी अख्खी घेतली तर तुमचं वळण होतं का?”

चित्रे गोंधळला. म्हणाला, होतं, पण तुमचं फार जाईल.

घरी तिनं वलीला सांगितलं तेव्हा तो भट्टीच्या तोंडाशी बसला होता.

“बानं बांधलेली पडवी आहे,” तो म्हणाला.

“आहे. आणि तिच्यापुढेच येसूबाय पडली. उद्या अजून कोण पडेल. मना रोज ते बघत पाव विकवत नाही.”

पडवी मुन्शिपालटीला लिहून दिली गेली. ठरल्या दिवशी माणसं पहार घेऊन यायच्या आधी वलीनं बापाचं बाक एकट्यानं उचलून आत नेलं आणि भिंतीशी उभं करून ठेवलं.

पाडायचं काम मुन्शिपालटीला फार चांगलं जमतं, हे जैबुन्निसाला त्या सकाळी कळलं. दुपारच्या आत पडवी जमिनीवर होती. वकीलसाहेब स्वतः येऊन तिच्या उदारपणाबद्दल चार शब्द बोलून गेले, रावजीशेठनंही मान डोलावली. गटारासाठी एक लांब चर खणला गेला. आणि मग सगळे जे गेले, ते गेलेच.

दगडांचा ढीग तिथेच राहिला. चर उघडाच राहिला. पावसाळ्यात तो भरून वाहिला आणि रस्ता कुठला, गटार कुठलं ते कळेना. बाजारातली ठमी वाणीण कमरेपर्यंत आत गेली आणि बाहेर निघून जैबुन्निसालाच बोलली, कारण समोर तीच होती. पाऊस ओसरल्यावर मोकळ्या झालेल्या जागेवर मोटारवाल्यांची नजर गेली. भट्टीच्या दारासमोर मोटारी उभ्या राहू लागल्या. उतारू तिथेच चढायचे, तिथेच उतरायचे, ड्रायव्हर तिथेच इंजिनाचं पोट उघडून बसायचे. जी जागा तिनं चालणाऱ्यांसाठी सोडली तिथे आता चालणाऱ्याला पाय ठेवायला जागा नव्हती. तो पूर्वीसारखा कडेनंसुद्धा नाही, पार रस्त्याच्या मधून जायचा. पावाला पेट्रोलचा वास येतो अशी कुरकूर सुरू झाली. मास्तर लोकांनी चहा दुसरीकडे लावला.

येसूबाई माडाच्या झावळ्या डोक्यावर टांगून उन्हात बसायची आणि ऐकवायची. “तुझ्या चांगुलपनानं माझी सावली गेली, जैबू. पाय मोटारीनं नेला, सावली तू नेलीस.”

“मग जा त्या मुन्शिपालटीत सांगायला,” जैबुन्निसा करवादायची.

“मना चालाला येत न्हाय. तू जा.”

आणि ती जायची. चित्र्यांची बदली झाली होती. नवा ओव्हरसियर म्हणाला की नकाशा त्यानं पाहिलेला नाही. पुढच्या खेपेला त्यानं नकाशा पाहिला होता, पण खडीचं टेंडर कुणी भरलं नव्हतं. त्याच्या पुढच्या खेपेला टेंडर भरलं होतं, पण वरून मंजुरी यायची होती. मंजुरी आली तेव्हा पावसाळा आला. वकीलसाहेब दर वेळी खुर्ची द्यायचे. तिला त्या खुर्चीचाच संताप येऊ लागला. शेवटी शेवटी ती उभ्यानंच बोलायची.

दुसरा पावसाळाही गेला. दिवाळीनंतरच्या एका बाजाराच्या दिवशी तिनं येसाजी गवंड्याला बोलावलं आणि ढिगातल्याच दगडांनी पडवीची भिंत, जिथे पूर्वी होती नेमकी तिथे, परत उभी करायला सांगितली. मोटारवाल्यांना तिनं सकाळीच बजावलं होतं. त्यांनी हसण्यावारी नेलं, पण पाया भरताना घमेल्यातला चिखल मडगार्डावर उडाला तेव्हा मोटारी हलवल्या.

दोन वर्षांत ज्या ओव्हरसियरला भट्टीपर्यंतचा रस्ता सापडला नव्हता, तो भिंतीचे दोन थर चढायच्या आत धापा टाकत हजर झाला. बरोबर दोन शिपाई. बाजार भरलेला, माणसं जमायला वेळ लागला नाही.

त्यानं बांधकाम ताबडतोब थांबवायला सांगितलं. ही जागा मुन्शिपालटीची आहे, तिथे भिंत घालणं म्हणजे अतिक्रमण, सार्वजनिक रस्त्याला अडथळा, पोलीस बोलवावे लागतील.

“कुठला रस्ता, साहेब?” जैबुन्निसानं विचारलं. “मना दाखवा. मी शोधतेय कधीची.”

लोक हसले. ओव्हरसियर लाल झाला. रस्ता होणार आहे, तो म्हणाला.

“मी रस्त्याला जागा दिली होती. मोटारी बांधायला तबेला नाही दिला. रस्ता होत नसेल तर माझी पडवी मला द्या. दोन्हींपैकी एक इथं उभं राहील. नुसता खड्डा नाही राहणार.”

पोलिसांचं नाव निघाल्यावर येसाजीचा हात थबकला होता. त्यानं थापी खाली ठेवली आणि बिचारा दोन्हीकडे बघू लागला. त्याला लेकरंबाळं होती. जैबुन्निसानं ते पाहिलं आणि तिला पहिल्यांदाच वाटलं की आता आपला पाडाव झाला.

तेवढ्यात भट्टीचं दार उघडून वली बाहेर आला. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर घाम. त्यानं ढिगातला एक दगड उचलला, भिंतीवर नेऊन ठेवला, हातानं दाबून बघितला. मग दुसरा आणायला वळला. कुणाकडे बघितलं नाही. शिपायांपैकी एकजण रोज सकाळी त्याच्याकडचा पाव नेणारा होता; तो मागे सरकला. येसूबाईनं काठीच्या आधारानं उठून एक लहान दगड वलीच्या हातात दिला. मग ठमी वाणीण पुढे झाली. जैबुन्निसा मात्र जागच्या जागी उभी राहिली होती. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं भर बाजारात तिची बाजू घेतल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि आता डोळे पुसले तर लोकांना दिसेल म्हणून ती ओव्हरसियरवरच डोळे वटारून राहिली.

कुणीतरी वकीलसाहेबांना घेऊन आलं. त्यांनी सर्वांसमक्ष वचन दिलं, की पंधरवड्यात काम सुरू होईल. जैबुन्निसा म्हणाली की वचनं तिच्याकडे पुष्कळ साठली आहेत. खडीच्या गाड्या आल्या की ती स्वतः भिंत उतरवेल, तोवर भिंत आहे तेवढी राहील. आणि आणखी एक. नव्या रस्त्याच्या कडेला, भट्टीच्या बाजूनं, माणसांना चालायला पट्टी सुटली पाहिजे, आणि मोटार तिच्यावर चढू नये म्हणून पडवीचेच मोठे दगड कडेला उभे पुरायचे. हे नकाशात नाही, ओव्हरसियर म्हणाला. चित्र्यांच्या नकाशात होतं, ती म्हणाली. वकीलसाहेबांनी जमलेल्या गर्दीकडे पाहिलं. निवडणूक फार लांब नव्हती. त्यांनी मान्य केलं.

पंधरवड्याऐवजी दोन महिने गेले. पण त्या दोन महिन्यांत एक गंमत झाली. कमरेएवढ्या अर्ध्या भिंतीच्या आतून माणसं चालू लागली. सांगितलं कुणी नव्हतं. पोरी विहिरीवरून घागरी घेऊन यायच्या त्या आपोआप भिंतीआड वळायच्या. मोटारी पलीकडे भोंगे वाजवत, एकमेकींना शिव्या देत अडकून राहायच्या, आणि कोळणी पाट्या डोक्यावर घेऊन अलीकडून निवांत निघून जायच्या. जैबुन्निसा गल्ल्यावरून ते बघत बसायची. तिला हसू यायचं आणि मग लगेच राग यायचा, की एवढ्यासाठी आपली दोन वर्षं खाल्ली.

रस्ता झाला. खडी आली तशी जैबुन्निसानं भिंत उतरवली, रूळ फिरला, गटार झाकलं गेलं, दगड उभे पुरले गेले. उद्घाटनाला वकीलसाहेब, रावजीशेठ आणि जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेले कुणी साहेब. भाषणांत मुन्शिपालटीच्या दूरदृष्टीचा उल्लेख झाला. जैबुन्निसा भाषणं ऐकायला नव्हती. गर्दीला पाव पुरवता पुरवता तिला पाणी प्यायला सवड नव्हती.

आता सगळं ठीक झालं असं जर कुणाला वाटलं असेल तर त्याला मोटारी माहीत नाहीत. वळण रुंद झालं, लांबून दिसायला लागलं, म्हणून ड्रायव्हर लोक पूर्वी थोडंफार तरी दबकायचे ते आता दबकेनासे झाले. रस्ता ओलांडणं पूर्वीपेक्षा अवघड झालं. जैबुन्निसा पुन्हा मुन्शिपालटीत गेली. रस्ता सुधारून दिला तरी बाईची तक्रार आहेच, असं तिथे सगळ्यांनी एकमेकांकडे बघून ठरवलं. आणि इकडे पायवाटेवर येसूबाईनं पाटी मांडली होती, तिच्या शेजारी ठमीनं भाजी मांडली होती, आणि पाव घ्यायला आलेली माणसं उरलेल्या जागेत उभी राहायची. एक दिवस एक आजोबा त्यांना वळसा घालायला दगडांबाहेर रस्त्यावर उतरले ते पाहून जैबुन्निसाचं डोकं फिरलं.

“येसूबाय, पाटी भट्टीच्या भिंतीला लाव. लोक मोटारीखाली जातील.”

“दगड लावाची अक्कल तुझी, आणि हटाचं आमीच व्हय?” येसूबाई म्हणाली. तरी बोटभर सरकली. रोज ती पाटी बोटभर सरकवायची आणि दुसऱ्या दिवशी पाटी परत जागेवर. हे भांडण पुढे वर्षानुवर्षं चाललं.

छत्तीस सालच्या शिमग्याआधी दोन मोटारी शर्यत लावून धक्क्याकडून आल्या. बाहेरच्या अंगाची आतल्या अंगाच्या मोटारीला घासली आणि आतली सरळ भट्टीवर आली. पायवाटेवर त्या घटकेला येसूबाई होती, पाव घेणारी माणसं होती, तीन-चार पोरी होत्या. मोटार दगडांवर आदळली. एक दगड मुळापासून उखडला, दुसरा कलला, तिसऱ्यानं मोटारीचं तोंड आत दाबलं आणि ती तिथेच वाफ सोडत थांबली. उतारूंना खरचटलं. ड्रायव्हरचे दोन दात गेले. पायवाटेवरच्या कुणाला ओरखडासुद्धा उठला नाही. येसूबाईच्या पाटीत रेडिएटरचं पाणी तेवढं उडालं.

दुसऱ्या दिवशी मुन्शिपालटीचा शिपाई आला, तोच पाव नेणारा. मान खाली घालून म्हणाला, मोटारमालकानं तक्रार केली आहे. रस्त्याच्या कडेला असे दगड असणं धोक्याचं, त्यामुळे गाडीचं नुकसान झालं. साहेबांनी दगड काढायचा विचार चालवला आहे.

जैबुन्निसानं त्याच्याकडे एवढा वेळ बघितलं की तो पाव न घेताच वळला. तिनं त्याला हाक मारून पाव दिला. मग आत जाऊन वलीला सांगितलं. वलीनं पिठावर ओलं फडकं टाकलं, कोपऱ्यातली पहार घेतली आणि बाहेर आला.

दोघांनी मिळून उखडलेला दगड खड्ड्यात उभा केला. तो जड होता, एकट्याचं काम नव्हतं. वली पहारीनं रेटायचा, जैबुन्निसा कडेनं खडी भरून पायानं ठोकायची. येणारेजाणारे वळसा घालून जात होते. कललेला दगड सरळ करायला जागा हवी होती, म्हणून जैबुन्निसा मागे वळून काहीतरी कडक बोलणार, तर येसूबाई आधीच पाटी घेऊन भिंतीला टेकली होती. पार भिंतीला, पाठ लावून.